तासाचा मास्तर, महिन्याचा मास्तर

एकच वर्ग, एकच फळा, शिकवणारे दोन. एकाला महिन्याचा पगार, दुसऱ्याला तासाचे पैसे. नेट-सेट दोघांचीही तीच. पूर्णवेळ सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच ५७,७०० रुपये. तासिकावाल्याची सुट्टी लागली की चूल गार. मी तासिकावाला, याच धाराशिव जिल्ह्यातला.

प्रश्न पोटाचा आहेच. पण त्याच्या बुडाशी दुसरा आहे. तास विकत घेतला, मग उरलेला माणूस कुणाचा? तास संपल्यावर पोरगी शंका विचारायला थांबते. ते उत्तर कुठल्या बिलात धरायचं? नाही सांगितलं तर मास्तर कसला? सांगितलं तर ती वेठ. आन् वेठ म्हंजे काय, ते आपल्याला कुणी शिकवायला नको.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीही अर्धवेळ शिकवलंय. खरंय. १९२५ ते १९२८ ते बाटलीबॉयांच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. पण हातात वकिली होती. ज्याला सोडता येतं त्याचं अर्धवेळपण ही सोय. ज्याला सोडता येत नाही त्याची ती सक्ती.

मग कायम तो मोकळा, असं म्हणावं का? तेही नाही. १९४१ च्या फेब्रुवारीत कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदार परिषद भरली, बाबासाहेब आले. वतन तर पिढ्यान्‌पिढ्या कायमच होतं. तरी १९२८ पासून ते त्याच्याशी झगडत होते. कारण कामाला हद्द नव्हती आणि मोबदला दुसऱ्याच्या मर्जीवर होता. म्हणजे नुसतं कायमपण काही खरं नाही. कामाला हद्द पाहिजे, मोबदला हक्काचा पाहिजे, आणि खरं बोललं म्हणून भाकरी जाता कामा नये. पुढल्या वर्षी ऑर्डर निघंल का न्हाई, या धाकात मास्तर वर्गात जातीवर बोलताना जीभ आवरतो. यात नागवला जातो तो विद्यार्थी.

२०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं समान कामाला समान वेतनाचं तत्त्व हंगामी कामगारांनाही लावलं. २०२५ साली गुजरातच्या कंत्राटी प्राध्यापकांच्या खटल्यात तर सुनावलं, समारंभात गुरुर्ब्रह्मा म्हणून भागत नाही. आणि जागाच भरत नसतील तर राखीव जागा कागदावरच राखीव राहते. कायम झालेल्या भावांनो, तुमची नोकरी एका ओरडण्यानं जात नाही. आमची जाते. म्हणून पहिला आवाज तुमचा पाहिजे.