ऋषींच्या कमरेची तलवार आणि माझ्या खिशातला चाकू



आजचं वाचन अरण्यकांड, सर्ग 9. काल सुतीक्ष्ण मुनींचा निरोप घेऊन राम, सीता, लक्ष्मण पुढे निघाले. निघताना भाते, धनुष्यं आणि तलवारी सीतेनेच दोघा भावांच्या हातात दिल्या होत्या. हे लक्षात ठेवा, कारण आज वाटेत चालताना तीच सीता रामाला म्हणते, की ही शस्त्रं घेऊन दंडकारण्यात शिरणं मला काही बरं वाटत नाही.

ती आधी तीन दोष सांगते: खोटं बोलणं, परस्त्रीची अभिलाषा, आणि वैर नसताना केलेली हिंसा. पहिले दोन तुमच्यात नव्हते आणि नाहीत, तिसऱ्याची मात्र मला भीती वाटते, असं ती नवऱ्याला स्पष्ट सांगते. मग एक गोष्ट सांगते. एका वनात एक सत्यवादी तपस्वी होते. त्यांच्या तपात विघ्न आणायला इंद्र योद्ध्याच्या वेषात आला आणि एक उत्तम तलवार त्यांच्याकडे ठेव म्हणून ठेवून गेला. ठेव ती, हरवून कशी चालेल? म्हणून ऋषी ती सतत जवळ बाळगू लागले. फळं-कंदमुळं आणायला गेले तरी तलवार बरोबर. हळूहळू त्यांची बुद्धी क्रूर होत गेली, तप सुटलं आणि शेवटी ते नरकात गेले.

गोष्ट एवढीच. कोणी शाप दिला नाही, कोणी भुलवलं नाही. रोज जवळ असणं, बस्स.

खरं सांगतो, हा सर्ग मी याआधी दोनदा वाचलाय आणि दोन्ही वेळा ‘छान गोष्ट’ म्हणून पुढे गेलोय. या वेळी नाही जाता आलं. कारण माझ्या खिशात चाकू असतो. असायचा.

चाकू आजोबांचा. शेफील्डच्या जोसेफ रॉजर्स कंपनीचा. पात्याच्या बुडाशी तारा आणि माल्टीज क्रॉस अशी त्यांची खूण असते, ती आता पुसट झालीय. आजोबा मराठी शाळेत मास्तर होते. त्यांच्या हातात हा चाकू मी कधी पेरूसाठी पाहिला, कधी पेन्सिलीसाठी, कधी पार्सलची सुतळी कापायला. त्याही आधी म्हणे ते याने मुलांचे बोरू तासून द्यायचे. इंग्रजीतलं ‘पेननाइफ’ हे नावही तसंच आलंय. पिसाची लेखणी तासायचा तो पेननाइफ. म्हणजे इंग्लंडमध्ये हा चाकू जे करायचा तेच तो कोकणातल्या शाळेतही करत होता, पिसाच्या जागी फक्त बोरू. काम झालं की आजोबा पातं मिटायचे आणि चाकू जमिनीवर ठेवायचे. हातातून हातात कधी द्यायचे नाहीत. दिला की भांडण होतं, असं आजी म्हणायची.

ते गेल्यावर चाकू माझ्याकडे आला आणि मला त्याचं वेडच लागलं. तुमच्यापैकी कोणाला फाउंटन पेनचं किंवा जुन्या घड्याळांचं वेड असेल तर लगेच कळेल.

या जातीच्या चाकूला खटका नसतो. रामपुरीचं पातं उघडलं की खटक्यात अडकतं आणि खटका दाबल्याशिवाय मिटत नाही. यात तसं काही नाही. मुठीच्या पाठीत एक पोलादी स्प्रिंग असते आणि तिचं टोक पात्याच्या बुडावर दाबून बसलेलं असतं. बुडाच्या बाजू सपाट घासलेल्या असतात. पातं पूर्ण मिटलेलं किंवा पूर्ण उघडलेलं असताना स्प्रिंगचं टोक त्या सपाट बाजूवर निवांत बसतं. अधल्यामधल्या जागी बुडाचा कोपरा स्प्रिंगला वर उचलतो, ती ताणते आणि कोपरा सरकला की टप्पकन् खाली बसते. तो ‘टप्प’ ऐकायला माणसं वेडी असतात. इंग्रजीत हे शौकीन चाकूच्या ‘चाली’बद्दल आणि ‘बोला’बद्दल बोलतात. पातं कसं फिरतं ती चाल आणि मिटताना कसं वाजतं तो बोल. उघडायला दोन हात लागतात. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याचं नख पात्यावरच्या बारीक खाचेत घालायचं आणि ओढायचं. घाई करताच येत नाही.

शेफील्डमध्ये हे काम शतकानुशतकं चाललंय. कटलरांचा संघ तिथे 1624 सालापासून आहे. एकेका खोलीत बसून स्वतंत्रपणे काम करणाऱ्या कारागिरांना तिथल्या बोलीत ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. त्यातले स्टॅन शॉ पोरवयात कामाला लागले आणि पुढची कितीतरी दशकं खिशातले चाकू हाताने घडवत राहिले. 2021 मध्ये ते गेले. हाताने काम करणाऱ्या माणसांबद्दल वाचलं की मला आपले गोरोबाकाका, सावता माळी आठवतात. (याच शहरात पाती घासणारे कितीतरी मजूर सहाणेची धूळ छातीत जाऊन अकालीच मरायचे, हेही सांगायला हवं. सुंदर वस्तूचा हिशोब कधी एकाच बाजूचा नसतो.)

आता मूळ मुद्दा. गेल्या महिन्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझं एका गृहस्थांशी भांडण झालं. कारण फालतू, गाडी लावायची जागा. आवाज चढले. त्यांनी माझ्या वडिलांवरून काहीतरी काढलं. पुढचे काही सेकंद मी काय बोललो ते आठवत नाही, पण एक गोष्ट स्पष्ट आठवते. माझा उजवा हात जीन्सच्या खिशात होता. मुठीत चाकू होता. आणि अंगठ्याचं नख खाचेत होतं.

वॉचमन मध्ये आले, गृहस्थ निघून गेले, मीही वर आलो. काहीच घडलं नाही. कोणाला काही कळलंही नाही. मी चाकू काढला नसता, हे मला जवळजवळ नक्की माहीत आहे. त्या ‘जवळजवळ’ने मला त्या रात्री झोपू दिलं नाही.

मग मन वकिली करायला लागलं. हे शस्त्र नव्हेच, हत्यार आहे, तेही सुताराच्या अर्थाने. खटका नाही म्हणजे भोसकायला गेलं तर पातं आपल्याच बोटांवर मिटेल. इंग्लंडचा 1988 चा कायदासुद्धा हा फरक मानतो. तीन इंचांपर्यंत धार असलेला, मिटणारा, खटका नसलेला खिशातला चाकू तिथे कारण न देता बाळगता येतो. खटका असेल तर कारण द्यावं लागतं. बघा, कायदाही म्हणतो की हा गरीब आहे.

सगळं खरं. आणि सीतेच्या गोष्टीपुढे सगळं कुचकामी. कारण त्या ऋषींच्या लेखी तलवार हे शस्त्र नव्हतंच मुळी. ती ठेव होती. ते तर एक चांगलं काम करत होते, विश्वास सांभाळत होते. मीही आजोबांची आठवणच सांभाळत होतो. सीता म्हणते, विस्तवाजवळ सरपण आलं की विस्तव भडकतो, तसं शस्त्र जवळ असलं की माणसाचं होतं. सरपणाचा हेतू काय होता, हे विस्तव विचारत नाही.

मी आणखी एक पळवाट शोधली, ती जरा बरी वाटली. मार्क ट्वेनच्या टॉम सॉयरमध्ये एक प्रसंग आहे. बायबलमधली वचनं पाठ केली म्हणून टॉमला मावसबहीण नवाकोरा बार्लो चाकू देते. त्या चाकूने धड काहीच कापलं जात नाही, पण तो अस्सल बार्लो असतो आणि पोरगं आनंदाने वेडं होतं. वाचून मी आधी हसलो, मग जरा ओशाळलो. वर्षभरात माझ्या चाकूने काय कापलं? कुरिअरच्या खोक्यांवरची चिकटपट्टी. बाकी वेळ मी त्याला तेल देत होतो, पुसत होतो, मीटिंगमध्ये टेबलाखाली उघडमीट करत होतो. आजोबांचा चाकू दिवसभर राबायचा. माझ्याकडे तो नुसता बसून होता. तेव्हा वाटलं, हीच मेख. काम नसलेली धार काम शोधते.

पण हेही पूर्ण खरं नाही, हो ना? कोयता बघा. ऊस तोडतो, नारळ सोलतो, त्याच्याइतकं राबणारं हत्यार नाही. आणि पुण्यात गेली काही वर्षं कोयता म्हटलं की लोकांना काय आठवतं ते सांगायला नको. नुसत्या राबण्याने धार सोज्वळ होत नाही.

मग आजोबांकडे काय होतं? मी खूप आठवून पाहिलं. एकच दिसलं. ते चाकू उघडायचे तेव्हा समोर कोणीतरी असायचं, ज्याला काहीतरी हवं असायचं. पेरूची फोड, टोकदार पेन्सिल, सुटलेली गाठ. स्वतःसाठी त्यांनी तो उघडलेला मला आठवत नाही. पेरू ते स्वतः दातांनीच खायचे.

उद्याच्या, 10 व्या सर्गात रामाचं उत्तर आहे. आज थोडंसं सांगून ठेवतो. राम शस्त्रं टाकत नाही, पण ‘तुला काय कळतं’ असंही म्हणत नाही. तू हे प्रेमापोटी बोललीस, असं मानतो. आणि कारण देतो. दंडकारण्यातले ऋषी आर्त होऊन माझ्याकडे आले, त्यांना मी शब्द दिलाय. म्हणजे धनुष्य कोणासाठी, हे त्याला सांगता येतं. त्या पार्किंगमध्ये मला कोणी तसं विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर चाकू आता स्वयंपाकघरात आहे, चमच्यांच्या खणात. फेकला नाही, कपाटात कुलूपबंदही केला नाही. तसं केलं असतं तर ती परत एक ठेवच झाली असती. देवाच्या फळांना मात्र आई तो लावू देत नाही. “मूठ हाडाची आहे, नैवेद्याला नको,” म्हणाली. मी वाद घातला नाही. मग आरती झाल्यावर शेजारची पोरं येतात, त्यांच्यासाठी पेरू मी याने कापतो. त्यातल्या धाकटीला तो ‘टप्प’ फार आवडतो. ती प्रत्येक वेळी परत एकदा मिटून दाखवायला लावते.

त्या गृहस्थांशी अजून बोललो नाहीये. लिफ्टमध्ये भेटतात. काल भेटले तेव्हा दोघंही मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभे होतो आणि माझा हात खिशात गेला. आत फक्त किल्ल्या होत्या.

उद्या सर्ग 10. श्रीराम.