काळा ठिपका, काळा फळा

मुरबाडचं आमचं एक पोरगं. चौदा एप्रिलचे बोर्ड तोच रंगवतो. परवा त्यानं नुसता निळा रंग दिलेला कागद दाखवला. माणूस नाही, झोपडी नाही. शहापूरचा एक कार्यकर्ता भडकला, "यात आपलं दुःख कुठाय?"

मला सय्यद हैदर रझा आठवला. १९५०ला फ्रान्सला गेलेला हा चित्रकार आपल्या चित्रकार दोस्ताला, क्रिशन खन्नाला, वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिला. खन्नाही लिहायचा. २०१३ला ती पुस्तकात आली. चित्रकार चित्रकाराला लिहितो तेव्हा दुःखाचा दाखला जोडावा लागत नाही.

रझा पुढं काळ्या बिंदूपाशी आला. तो सांगायचा, लहानपणी मास्तरांनी शाळेच्या भिंतीवर ठिपका काढून त्याकडं बघत बसवलं होतं. छान. पण भिंतीकडं बघायला आधी वर्गात जागा लागते ना! बाबासाहेब गोणपाटावर, पोरांपासून लांब बसले. मास्तरांनी फळ्याकडं बोलावलं, तर फळ्यामागचे डबे विटाळतील म्हणून पोरांनी गिल्ला केला. फळाही काळाच.

नुसत्या रंगाकडं बघायची फुरसत आपल्या बापाला कुणी दिली नाही. ती आता आपणच पोराकडून काढून घ्यायची? शहापूर तालुक्यातलं तानसा-भातसाचं पाणी मुंबईला, आणि उन्हाळ्यात इथल्या पाड्यांना टँकर. त्याचंही चित्र हवं, हवंच. पण हुकमावरून नको. (आणि निळा आपल्याला काय आहे, हे त्या कार्यकर्त्याला मी सांगायचं?)

मी पोराला पत्र टाकलं. दुःखाचं नाही विचारलं. निळ्यात पाणी किती घातलंस, एवढंच विचारलं. अजून उत्तर नाही.