मान कामाचा की मर्जीचा?

६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्यातल्या मुरगाव बंदरातून भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम निघाली. डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखालचे २१ जण ९ जानेवारी १९८२ला तिथल्या बर्फावर उतरले. भारताचं पाऊल दक्षिण ध्रुवाच्या मुलखात पडलं, याचा अभिमान रास्तच. पण ‘पोलर सर्कल’ हे जहाज नॉर्वेचं होतं, भाड्याने घेतलेलं. बर्फातून वाट काढत त्याला नेलं-आणलं ते त्यावरच्या खलाशांनी. त्यांतल्या एकाचं तरी नाव आपल्याला ठाऊक आहे?

नाव ठाऊक नसणं एकवेळ समजू शकतं. ठाऊक असून डावलणं वाईट. अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघालेल्या शॅकल्टनचं ‘एंड्युरन्स’ जहाज १९१५ साली बर्फात चिरडून बुडालं. होड्या बर्फावरून ओढताना सुतार हॅरी मॅकनिश अडून बसला : जहाज गेलं, करार संपला, आता हुकूम कसला? पुढे याच सुताराने सहा-सात मीटरच्या होडीच्या बाजू उंचावल्या, वर कॅनव्हास ताणला, फटींत दिव्याच्या वाती भरून वर रंग आणि सीलचं रक्त लिंपलं. त्या होडीतून शॅकल्टनसह सहा जण, त्यांत मॅकनिशही, मदत आणायला खवळलेला समुद्र कापत सुमारे १३०० किलोमीटर गेले. म्हणून मागे राहिलेल्या २२ जणांची १९१६ साली सुटका झाली. परतल्यावर ध्रुवीय पदकं वाटली गेली. मॅकनिशला मिळालं नाही. त्याचं अडून बसणं शॅकल्टन विसरला नव्हता.

बेशिस्त चूकच, त्या बर्फावर तर जिवावर बेतणारी. तिच्याबद्दल कानउघाडणी तेव्हाच व्हायला हवी होती आणि झालीही. पण पदक कामाचं होतं.

कामाचा मान कसा राखावा, ते वारीत दिसतं. तुकोबांची पालखी काटेवाडीत येते, तेव्हा परीट समाज धोतरांच्या पायघड्या घालतो. हा मान पिढ्यान् पिढ्यांच्या सेवेचा आहे. कुणाच्या मर्जीवर तो ठरत नाही. कारखान्यात, शाळेत, घरच्या कार्यात आपण मात्र मर्जी सांभाळणाऱ्याला मानाचं श्रीफळ देतो आणि तोंडावर खरं बोललेल्याला वगळतो.

येत्या कार्यक्रमात आभाराची यादी वाचण्याआधी एकदा तपासा. ज्याच्याशी आपलं वाजलं होतं, पण ज्याच्यामुळे काम तडीस गेलं, त्याचं नाव तीत आहे ना? नसेल, तर ते आधी लिहा.