गोठ्यातून निघालेले शब्द

मुंबईच्या मरोळमधल्या एखाद्या उंच सोसायटीच्या लिफ्टमध्ये संध्याकाळी सातच्या सुमारास शिरले, की घराघरातल्या भाषेचा एक नवा व्यवहार कानावर पडतो. पट्ट्याला बांधलेला लॅब्राडोर आधी आत येतो, मागून त्याचे आजोबा. आजोबा नातवाशी मराठीत बोलतात, वॉचमनशी हिंदीत आणि कुत्र्याशी इंग्रजीत. ‘सिट.’ ‘नो, नो.’ ‘गुड बॉय.’ चौथ्या मजल्यावर दार उघडते आणि आतून हाक येते, ‘आला का माझा बच्चा? ये, मम्माकडे ये.’ ज्या घरात आईला आई आणि बाबांना बाबाच म्हणतात, त्या घरातही कुत्र्याची आई ‘मम्मा’ असते.

याच इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणखी शब्द भेटतात. पेट, पेट पेरेंट, अडॉप्शन, फॉस्टर, फीडर, केअरटेकर. पूर्वी ‘कुत्रा पाळलाय’ एवढ्यावर भागायचे. आता कुत्रा ‘अडॉप्ट’ होतो, तोवर तो कुणाकडे तरी ‘फॉस्टर’ला असतो आणि खालच्या आवारातल्या चार कुत्र्यांना जेवण घालणारी बाई ‘फीडर’ ठरते. इंग्रजीने मराठीची माया हिरावली, अशी तक्रार यावर सहज करता येईल. पण या शब्दांची वाट मागे मागे शोधत गेले, तर ती आधी पोचते गोठ्यात.

मरोळला ही वाट शोधण्यासाठी लांब जावे लागत नाही. मरोळ-मरोशी रस्त्याने वर गेले की आरे वसाहत सुरू होते. मुंबईच्या दाट वस्तीतले म्हशींचे तबेले शहराबाहेर हलवायचे म्हणून १९४९ मध्ये ही दुग्धवसाहत उभी राहिली. मुंबईचे दूध आयुक्त दारा खुरोडी हे त्यामागचे प्रमुख नाव. पुढे १९६३ मध्ये त्यांना त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेट्रोच्या दोन मार्गिका आता मरोळ नाक्यावर एकत्र येतात. तिथून थोड्याच अंतरावर आजही पहाटे धार काढली जाते.

धार काढण्याआधी म्हैस किंवा गाय पान्हवावी लागते. पारडू किंवा वासरू जवळ आणले, त्याने कासेला तोंड लावले, की पान्हा फुटतो. मराठीत आईच्या प्रेमाचे वर्णन करताना नेमका हाच शब्द वापरला जातो. दूध आणि माया या दोन्हींना एकच शब्द. ‘वात्सल्य’ तर थेट ‘वत्स’ म्हणजे वासरावरूनच आले आहे. संस्कृतात ‘वत्सला’ म्हणजे वासरासाठी आसुसलेली गाय. आई रडते तेव्हा ‘हंबरडा फोडते’, आणि हंबरडा मुळात गाईचा. रुसलेल्या पोराला ‘चुचकारतात’, तो आवाज जनावराला शांत करण्यासाठी तोंडाने काढायचा. ‘गोत्र’ या शब्दाचा जुना अर्थ गाईंचा वाडा. तिथून तो कुळाला लागला, आणि त्याच गोतातून मराठीचा ‘गोतावळा’ आला. आनंद यादवांनी १९७१ च्या आपल्या कादंबरीला हेच नाव दिले. तिच्यातल्या नारबा या गड्याचे गणगोत म्हणजे मळ्यातली जनावरे, आणि ट्रॅक्टर येतो तेव्हा ती एकेक करून दावणीवरून नाहीशी होतात.

म्हणजे मराठी माणूस आपल्या सर्वांत हळव्या भावना ज्या शब्दांत बोलतो, त्यांतले बरेच शब्द त्याने जनावरांकडून उसने घेतले आहेत. आज लिफ्टमध्ये ऐकू येते ते उलट्या दिशेचे येणे-जाणे: आई, बाळ, दत्तक, पालक ही माणसाच्या घरातली नाती कुत्र्यामांजरांकडे निघाली आहेत. गंमत अशी, की ज्या इंग्रजी शब्दाला यासाठी बोल लावला जातो, तो ‘पेट’देखील गोठ्यातलाच. सोळाव्या शतकातल्या स्कॉटलंडमध्ये तो लाडावलेल्या मुलासाठी आणि माणसाळलेल्या प्राण्यासाठी वापरलेला सापडतो. विशेषतः आई नसलेले, हाताने दूध पाजून वाढवलेले कोकरू म्हणजे ‘पेट’. कुरवाळणे हा त्याचा क्रियापदी अर्थ नंतरचा.

मराठीत मात्र या जागी नाम नव्हतेच, क्रियापद होते. पाळणे. आणि हे क्रियापद फार कडक आहे. मराठी माणूस कुत्रा पाळतो तसाच शब्द पाळतो, वेळ पाळतो, पथ्य पाळतो, सुतक पाळतो. या सगळ्यांत रोजचे बंधन आहे, आणि चुकले तर दोष आपल्याकडे येतो. शाळेच्या सभेला बोलावतात ते ‘पालक’ही याच धातूचे. ‘पेट पेरेंट’ हा शब्द मरोळात येण्याच्या कितीतरी आधी पाळीव आणि पालक एकाच कुळात नांदत होते. फक्त कुणी तसे मुद्दाम म्हटले नव्हते.

सांभाळण्याच्या शब्दांत परकी भर पहिल्यांदा पडली ती इंग्रजीतून नव्हे. १५३४ पासून १७३९ पर्यंत साष्टी बेटावर पोर्तुगीजांचा अंमल होता आणि मरोळ त्याच साष्टीतले गाव. आज सीप्झ या औद्योगिक वसाहतीच्या कुंपणाआड झाडाझुडपांत उभे असलेले सेंट जॉन चर्चचे अवशेष १५७९ चे आहेत; मरोळच्या गावठाणातली ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरे आजही मराठीचीच एक बोली बोलतात. त्या काळाने मराठीला पाव दिला, चावी दिली, आणि आणखी दोन शब्द दिले जे एकत्र पाहायला हवेत: ‘आया’ आणि ‘पगार’. दुसऱ्याचे मूल सांभाळणारी बाई आणि तिला त्याबद्दल मिळणारे पैसे, दोन्हींची नावे पोर्तुगीज. घरातल्या आत्या-मावश्यांनी पोर सांभाळले तर त्याला वेगळे नाव लागत नव्हते. नाव लागले ते काम विकत मिळू लागले तेव्हा. आणि मराठीने त्यावर आपल्या पद्धतीने तोडगा काढला. दवाखान्यातल्या आयाला लोक ‘मावशी’ म्हणू लागले, परिचारिका ‘सिस्टर’ झाली. पगार द्यायचा, पण हाक नात्याने मारायची.

कुत्र्यांच्या बाबतीत मुंबईचा इतिहास याहून धगधगता आहे. मोकाट कुत्री मारण्याची मोहीम कंपनी सरकारने हाती घेतली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे ठरवले. ६ जून १८३२ रोजी फोर्टात त्यावरून दंगल पेटली. पुढाकार पारशांचा होता. त्यांच्या धर्मात कुत्रा पवित्र, आणि अंत्यविधीत मृतावर कुत्र्याची दृष्टी पडावी लागते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, गोऱ्या शिपायांची रसद अडली. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ उभे राहिले. भुलेश्वरच्या त्या भागाला आजही तेच नाव आहे. ही मोहीम मुख्यतः मोकाट कुत्र्यांविरुद्ध होती, हे इथे लक्षात घ्यायला हवे. शहर भांडले ते नावगाव नसलेल्या जनावरांसाठी.

भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानलेल्या गाढवाला काशीची गंगा पाजणारे एकनाथ ज्या समाजाने शतकानुशतके सांगितले, त्याला हे परके नव्हते. त्या कथांत कुत्रा कुणाचा, गाढव कुणाचे, हा प्रश्नच येत नाही.

इंग्रजांना मात्र तो प्रश्न पडत होता. त्यांच्याकडे ‘स्ट्रे’ हा कायद्याचा शब्द होता, मूळचा कळप सोडून भरकटलेल्या, मालक न सापडणाऱ्या गुरांसाठी. इथल्या देशी कुत्र्याला त्यांनी आणखी एक नाव दिले, ‘परिया’. तमिळनाडूतल्या परैयर या दलित समाजाचे नाव उचलून ते गावकुसाबाहेरच्या कुत्र्याला लावले गेले आणि शास्त्रीय लेखनातही ते खुशाल चालत राहिले. माणसाला आणि कुत्र्याला एकाच शब्दात उकिरड्यावर टाकणारा हा शब्द होता. मराठीनेही फार वेगळे केले असे नाही. आपण ‘भटकी कुत्री’ म्हणतो, आणि ज्या जमातींना इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवले त्यांनाही ‘भटक्या-विमुक्त’ म्हणतो. आता प्राणिप्रेमी मंडळी ‘इंडी’ हा शब्द वापरतात. तो इंग्रजी आहे, चुरचुरीत आहे, दुकानी वाटतो. तरी त्याने ‘परिया’ला बाजूला सारले, एवढ्यासाठी त्याचे स्वागत व्हायला हवे.

परळच्या जनावरांच्या इस्पितळाची गोष्ट याच वाटेवरची. बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाने १८८३ मध्ये स्थापन झालेल्या या इस्पितळाचे नाव कागदोपत्री लांबलचक आहे. लोकांनी त्याला ‘बैलघोडा हॉस्पिटल’ म्हटले आणि ते नाव आजतागायत टिकले. रिक्षावाल्याला, बस कंडक्टरला तेच कळते. बैल आणि घोडा, कारण तेव्हाचे शहर त्यांच्या पाठीवर चालत होते. ट्राम ओढणारे घोडे आणि खटारे ओढणारे बैल आजारी पडले की धंदा बसायचा. उपचारांत दया होती आणि हिशेबही होता. आज त्याच फाटकातून मांजरांच्या टोपल्या आत जातात. बैल उरले नाहीत, घोडे जवळजवळ संपले, पाटीवर नसलेले नाव मात्र लोकांनी सोडले नाही.

कायद्याची भाषा हळूहळू बदलली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने कर्तव्य फक्त मालकावर टाकले नाही. प्राणी ज्याच्या देखभालीत किंवा ताब्यात असेल त्या प्रत्येकावर टाकले. २००१ च्या नियमांनी कुत्र्यांचे दोन वर्ग केले, घरचे आणि रस्त्यावरचे, आणि रस्त्यावरच्यांना मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरण करून जागच्या जागी सोडायचे ठरवले. २०१५ मध्ये प्राणी कल्याण मंडळाने सोसायट्यांना कळवले, की कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येणार नाही आणि त्याला लिफ्टही नाकारता येणार नाही. मग २०२३ चे नियम आले आणि त्यांत एक नवा शब्द आला, ‘कम्युनिटी ॲनिमल’. त्यांना खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवण्याची जबाबदारी रहिवासी संघटनेवर टाकली गेली. जागा जिन्याजवळ, फाटकाजवळ किंवा मुलांच्या खेळण्याच्या ठिकाणी नसावी, हेही सांगितले गेले.

‘कम्युनिटी’ हा शब्द सुंदर आहे, आणि त्याचा सगळा भार अजून दोन-चार जणींच्या खांद्यावर आहे. मरोळच्या गल्ल्यांतून रात्री भाताचा डबा घेऊन फिरणाऱ्या बाया बहुधा स्वतःच्या खर्चाने कुत्र्यांना लस टोचवून घेतात, कानाला खाच नसलेला नवा कुत्रा दिसला की नसबंदीसाठी फोन करतात आणि वर शिव्या खातात. दुसऱ्या बाजूला, रात्रपाळीहून येणाऱ्या कामगाराच्या मागे टोळी लागते तेव्हा त्याची भीतीही खरी असते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की वाचण्याची आशा जवळपास नसते, आणि ‘पिसाळलेला’ हा शब्द मराठीत ज्या धास्तीने उच्चारला जातो ती धास्ती खोटी नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला, अकरा दिवसांत तो बदलला. नोव्हेंबरात शाळा, रुग्णालये, बस आणि रेल्वे स्थानकांच्या आवारांतून कुत्री हटवायला सांगितले. हा कुत्रा नक्की कुणाच्या शब्दात बसतो, हे देशाला अजून ठरवायचे आहे. ‘स्ट्रे’ म्हटले की पकडणारी गाडी डोळ्यांपुढे येते, ‘कम्युनिटी’ म्हटले की सोसायटीची सभा. पाळणे या क्रियापदाचा कर्ता कोण, हे मात्र दोन्हींत मोकळेच राहते.

या सगळ्या शब्दांत ‘केअरटेकर’ सर्वांत जास्त फिरलेला. पूर्वी तो बंद बंगल्याची राखण करणाऱ्याचा होता. रस्त्यावरच्या कुत्र्यांची देखभाल करणाऱ्यांना प्राणी कल्याण मंडळाने ओळखपत्रे दिली, त्यांवर हा शब्द आला. आणि ज्या फ्लॅटमध्ये मुलगा कॅनडात आणि सून बंगळुरूत आहे, तिथे आजीजवळ बसणारी बाईही ‘केअरटेकर’च. मरोळच्या सोसायट्यांत ब्युरोकडून येणाऱ्या अशा कितीतरी बायका रोज दिसतात. आठ ते आठची पाळी. डायपर, गोळ्यांची डबी, कूस बदलणे, पाठीला जखम होऊ नये म्हणून पावडर. आजी तिला कधी ‘मावशी’ म्हणते, कधी स्वतःच्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. विस्मरण वाढले की आजी तोंड मिटून बसते, तेव्हा ती बाई वरणभाताचे छोटे छोटे घास करून काऊ-चिऊच्या नावाने भरवते, जसे आजीने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मुलाला भरवले असतील. खिडकीवर कावळा असो वा नसो, तोंड उघडते.

रात्री आठला पाळी बदलते. ती बाई खाली येते आणि फाटकावरच्या वहीत सही करते. वहीत पाच रकाने आहेत: नाव, फ्लॅट, वेळ, सही आणि काम. कामाच्या रकान्यात वॉचमनने तिच्यासाठी इंग्रजीत एकच शब्द लिहून ठेवलेला असतो. तिच्या पिशवीत दुपारची एक चपाती उरलेली असते, दुधात बुडवून डब्यात ठेवलेली. फाटकाबाहेर, रिक्षांच्या रांगेमागे, कानाला खाच असलेली तांबडी कुत्री तिची वाट पाहत बसलेली असते. बाई जिभेने च्यु-च्यु करते आणि म्हणते, ‘ये गं बाळा.’