गुण आणि गुणपत्रक

कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाने आकड्यांच्या वाटेला जाऊ नये, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु माझे निम्मे आयुष्य शाळामास्तर म्हणून आकडे भरण्यात गेले आहे, आणि खरे सांगायचे तर मला आकडे आवडतात. आकडा कुणाचे तोंड पाहत नाही. सावकाराच्या मुलाला 35 आणि त्याच्या गड्याच्या मुलाला 90 गुण मिळाले, तर कागदावर 35 आणि 90 हेच लिहावे लागते. इतका निःस्पृह न्याय जगात दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळतो.

म्हणूनच बास्केटबॉलच्या एखाद्या मोठ्या आंतरराष्ट्रीय सामन्याचा तक्ता हाती आला, की मी तो शाळेच्या निकालपत्रकासारखा सावकाश वाचतो. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे तो किती मिनिटे खेळला, त्याने चेंडू किती वेळा टोपलीकडे फेकला, किती वेळा साधला, हुकून परत आलेला चेंडू किती वेळा पकडला, हे सारे ओळीने मांडलेले असते. तळाशी संघाची बेरीज. आपल्या भाषेत ‘गुण’ हा शब्द मोठा फसवा आहे. परीक्षेत मिळतात ते गुण, खेळात मिळतात ते गुण, आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुणच! पहिल्या दोहोंवरून तिसऱ्याची पारख किती करावी, हा प्रश्न मला हा तक्ता वाचताना नेहमी पडतो.

10 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसला झालेल्या ऑलिंपिकच्या अंतिम सामन्याचा तक्ता घ्या. अमेरिका 98, फ्रान्स 87. अमेरिकेच्या स्टीफन करीने 24 गुण मिळवले, आणि तेही सगळे दुरून, प्रत्येकी तीन गुणांच्या आठ फेकींनी. सामन्यात सर्वांत जास्त गुण मात्र हरलेल्या संघातल्या विसाव्या वर्षीच्या व्हिक्टर वेम्बान्यामाचे होते, 26. त्याच कागदावर लेब्रॉन जेम्सच्या नावापुढे 14 गुण आहेत, आणि पलीकडच्या एका रकान्यात 10 हा आकडा आहे. हा रकाना साहाय्याचा. त्याला ‘असिस्ट’ म्हणतात. स्वतः टोपली न साधता, दहा वेळा त्याने चेंडू असा दिला की घेणाऱ्याला तो साधता आला.

हा रकाना ज्याने प्रथम आखला असेल त्याला माझा नमस्कार असो. दुसऱ्याच्या यशात आपला वाटा किती, याची नोंद ठेवण्याचे औदार्य आमच्या परीक्षांच्या पत्रकांत अजून आलेले नाही.

परंतु या रकान्याचा नियम नीट वाचला की मन घोटाळते. आपण दिलेल्या चेंडूवर सोबत्याने गुण मिळवला, तरच देणाऱ्याच्या नावावर साहाय्य लिहिले जाते. सोबत्याचा हात चुकला, तर तो देणे न दिल्यासारखेच. तोच चेंडू, तीच नजर, तेच कसब. एकदा त्याची नोंद होते, एकदा त्याचा मागमूसही राहत नाही. म्हणजे तक्ता कर्म मोजत नाही, तो फळ मोजतो, आणि ते फळही दुसऱ्याच्या हातातले!

हा केवळ खेळातला घोळ आहे असे समजू नका. धाकट्या भावाला शिकता यावे म्हणून शाळा सोडून घर सांभाळणारी थोरली बहीण आपल्या ओळखीच्या एखाद्या तरी घरात असतेच. भाऊ चांगला निघाला, तर ‘बहिणीने हाडाची काडे केली हो’ म्हणून चार माणसे तिचे नाव घेतात. भाऊ नापास झाला, तर तीच माणसे म्हणतात, ‘पोरीचे उगाच नुकसान झाले.’ पहाटे उठून तिने लावलेली चूल दोन्ही घरांत सारखीच पेटलेली असते. मग एकीचा त्याग पुण्याच्या रकान्यात आणि दुसरीचा नुकसानीच्या, हा कुठला न्याय?

नियमाच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे, हे मी नाकारीत नाही. चेंडू देणे म्हणजे नुसता हातातून टाकणे नव्हे. कोण मोकळा आहे, कोणाला तो कुठे हवा असतो, हे ओळखून देणाऱ्याचे चेंडू अधिक वेळा फळतात. शंभर सामन्यांची बेरीज केली तर नशिबाचा भाग बराचसा धुऊन निघतो. परंतु माणसाला सगळ्याच गोष्टींचे शंभर सामने खेळायला मिळत नाहीत. त्या बहिणीला भाऊ एकच असतो.

आणि काही सामने तर तीन सेकंदांवर येऊन ठेपतात. सप्टेंबर 1972 मध्ये म्यूनिकच्या ऑलिंपिकचा अंतिम सामना अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात झाला. 1936 पासून ऑलिंपिकमध्ये एकही सामना न हरलेली अमेरिका 49–48 अशी मागे होती. डग कॉलिन्सने चेंडू हिसकावून धाव घेतली. त्याला जोराचा धक्का बसून तो आपटला. त्याच स्थितीत उठून त्याने दोन्ही फ्री थ्रो साधले. 50–49! उरले तीन सेकंद. सोव्हिएत संघाने चेंडू आत फेकला, पण पंचांनी खेळ थांबवला, आणि आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स यांनी घड्याळ पुन्हा तीन सेकंदांवर लावायला सांगितले. इव्हान येदेश्कोने जवळच्या सोबत्याला चेंडू दिला, त्याची लांब फेक वाया गेली, भोंगा झाला, अमेरिकन नाचू लागले. परंतु घड्याळ नीट लावलेलेच नव्हते! पुन्हा तीन सेकंद. या वेळी येदेश्कोने मैदानाच्या या टोकाहून थेट त्या टोकाला चेंडू फेकला. अलेक्झांडर बेलोव्हने तो झेलून टोपलीत टाकला. सोव्हिएत संघ 51, अमेरिका 50.

पंचांपैकी ब्राझीलचे रेनातो रिगेत्तो यांनी त्या गुणपत्रकावर सही करण्याचे नाकारले. अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीने तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके स्वीकारली नाहीत. त्या न झालेल्या सहीपाशी मी फार वेळ रेंगाळतो. दर वर्षी निकालाखाली सही करणारा मी माणूस. आकडा स्वतः बोलत नाही. मोजणाऱ्याचा प्रामाणिकपणा त्याच्या तोंडून बोलतो, एवढे ती कोरी जागा मला सांगते.

पण कॉलिन्सचे काय? सामना गेला, त्याच्या दोन फेकींचे फळही गेले. तरी ते दोन गुण त्याच्या नावापुढे आजही आहेत. ते कुणी पुसले नाहीत, पुसता येणार नाहीत. वेम्बान्यामाचे 26 गुणही असेच आहेत. येथे मला तक्ता जगापेक्षा दयाळू वाटतो. जग तळची बेरीज वाचते आणि जिंकला की हरला, एवढेच विचारते. तक्ता मात्र प्रत्येकाची ओळ जपून ठेवतो. दोष आकड्यांचा थोडा, आणि घाईघाईने शेवटची ओळ वाचणाऱ्या आपल्या डोळ्यांचा अधिक.

तरीही, सोबत्याचा हात चुकल्यामुळे वाया गेलेला चेंडू कुठल्याच ओळीत सापडत नाही. तो कोण लिहिणार? माझ्या मते ते काम पत्रकाचे नाही, जवळच्या माणसांचे आहे. ज्याने तो चेंडू घेतला आणि हुकवला, त्याला तरी तो कसा आणि कुणी दिला होता हे ठाऊक असते. नापास झालेल्या भावाने बहिणीला एवढेच म्हणावे, ‘ताई, तू दिलेस ते नीट दिले होतेस. हात माझा चुकला.’

या दिवाळीत भाऊबीजेच्या ताटात ओवाळणी टाकताना कुणी असे म्हणेल, तर तो रकाना त्या एका घरापुरता तरी भरला जाईल.