नावाची किंमत कोणी मोजावी?

आषाढी आटोपून मंडळी गावोगाव परतली की आमच्याकडे दुसरीच एक वारी सुरू होते. बारावीचा निकाल लागून गेलेला असतो, सीईटीचे पर्सेंटाइल हाती आलेले असते, आणि कीर्तन संपल्यावर एखादा बाप बाजूला घेऊन हळूच विचारतो, "महाराज, पोराला कुठल्या इंजिनिअरिंग कॉलेजात घालावं?" आता आम्ही लहानपणी अमरकोश घोकलेले. आम्हांस यंत्रातले काय कळणार? पण थोडे बोलल्यावर लक्षात येते की घरातले सोने मोडावे का, शेताचा तुकडा विकावा का, हे त्यांना विचारावयाचे असते. तो प्रश्न मात्र आमच्या शास्त्राच्या कक्षेत येतो.

गेल्या श्रावणात सातारा जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. यजमानांचे तीन एकर रान, एक मुलगा, एक मुलगी. मुलाला कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्सला जागा मिळत होती. हे कॉलेज १९६० सालचे, गावापासून एस.टी.ने तासाभराची वाट. मुलाचे मन मात्र पुण्यातल्या एका खासगी कॉलेजावर बसलेले. त्याचे नाव मोठे. तिथे गुणवत्तेच्या यादीत नंबर लागत नव्हता, पण खासगी कॉलेजांना संस्थास्तरावर काही जागा भरता येतात, त्यांतली एक मिळत होती. फी वर्षाला पावणेतीन लाख, राहणे-जेवणे वेगळे, आणि त्या जागेला फीची सवलत नाही. "नाव आहे महाराज त्या कॉलेजला," यजमान पुन्हा पुन्हा म्हणत. "तिथली पोरं कुठल्या कुठं जातात."

नावाला काहीच अर्थ नाही असे म्हणणारे लोक आम्हांस पटत नाहीत. संगतीचा परिणाम असतो, हे तर आम्ही जन्मभर सांगत आलो. हुशार मुलांत बसलेला मुलगा चार गोष्टी जास्त शिकतो, आणि नामांकित दारावर कंपन्या आधी येतात, हेही खरे. पण "चांगले कॉलेज म्हणून चांगली नोकरी" हे अनुमान जरा तपासून पाहावे. न्यायशास्त्रात एक जुने उदाहरण आहे. धूर दिसला की अग्नी आहे म्हणावे; पण अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे असे म्हणता येत नाही. लोखंडाचा लालबुंद गोळा पाहा, त्यात अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओले लाकूड लागते. शास्त्रकार याला उपाधी म्हणतात. तसेच इथे. त्या कॉलेजात जी मुले मोठाल्या नोकऱ्या मिळवतात, त्यांतली बहुतेक परीक्षेच्या चाळणीतून निवडून आलेली असतात. त्यांची बुद्धी आणि सवय हे ते ओले लाकूड. पैसे भरून जागा मिळते. लाकूड ज्याचे त्याने घरूनच न्यावे लागते.

आपल्याकडे आणखी एक गंमत आहे. जी नावे सर्वांत जुनी, ती सरकारी किंवा अनुदानित. पुण्याचे कॉलेज १८५४ चे, मुंबईचे व्हीजेटीआय १८८७ चे, सांगलीचे वालचंद १९४७ चे. विश्वेश्वरय्या म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन पुण्यास आले आणि १८८३ साली तिथून अभियंते होऊन बाहेर पडले. बाप लहानपणीच गेलेला, बंगळुरास शिकवण्या करून पोट भरलेले. विकायला शेतही नव्हते. पुढे १९८३ पासून राज्यात विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी मिळाली आणि नावाबरोबर फी जोडली गेली. मग लोकांच्या मनात बसले की जिथे फी जास्त तिथे विद्या जास्त. वास्तविक या कॉलेजांची फी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, आणि ती मुख्यतः संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून. पगार, इमारत, देखभाल. म्हणजे मोठी फी एवढेच सांगते की खर्च मोठा आहे. वर्गात शिकवतात कसे, हे त्या आकड्यात कुठे येते? ते पाहायचे तर एनबीएचे मानांकन पाहावे. ते सबंध कॉलेजाला न देता एकेका शाखेला देतात. कॉलेजाचे नाव मोठे आणि आपली शाखा मानांकनाविना, असेही घडू शकते. सगळ्यांत बरे म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या चार मुलांना गाठून विचारावे, प्रयोगशाळेत यंत्राला हात लावू देतात का.

यजमान म्हणाले, शेत नको तर बँकेचे कर्ज काढतो. आम्ही वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. दर वर्षी २ लाख, चार वर्षांत ८ लाख. व्याज दहा टक्के सरळ धरू. शिक्षण संपून वर्षभराने हप्ते सुरू होतात, तोवर २ लाख ८० हजार व्याज चढलेले. १० लाख ८० हजार दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला १४ हजारांहून जास्त. बावीस-तेवीस वर्षांचे पोर. पहिली नोकरी पटली नाही तरी सोडता येणार नाही, साहेबाने खोट्या कागदावर सही कर म्हटले तर नाही म्हणताना आधी हप्ता आठवणार. हा खर्च कुठल्या माहितीपत्रकात छापलेला नसतो.

आता आमचीच एक गोष्ट सांगावी लागेल. आम्ही बारा वर्षांचे असताना वडिलांनी आम्हांस दूरच्या एका नामांकित पाठशाळेत ठेवले. गावात एक वृद्ध शास्त्री होते, ते फुकट शिकवीत. पण नाव मोठे ते मोठेच. आमच्या राहण्या-जेवणाचे पैसे उभे राहावेत म्हणून थोरल्या बंधूंची शाळा सातवीत सुटली. त्यांना कोणी विचारले नाही. आम्हीही नाही. पुढे पाठशाळेचे नाव आमच्यामागे लागले, कीर्तनाला बोलावणी आली, बिदागी वाढली. दादा शेवटच्या रांगेत येऊन बसत. चाळीसेक वर्षांनी एकदा घरी परतताना म्हणाले, "अरे, तू ते तर्कसंग्रह म्हणतोस, ते मलाही कळलं असतं का रे?" दोन-दोन तास बोलणारे आम्ही, त्या रात्री घरापर्यंत एक शब्द सुचला नाही. दादा आता नाहीत. अजूनही सुचत नाही.

म्हणून यजमानांना विचारले, "मुलगी काय करते?"

"अकरावी सायन्स. तिची काळजी नाही महाराज. २०२४ पासून मुलींना फी माफ झालीय, आपलं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, दाखले आहेत. तिला खर्चच नाही."

"फी माफ आहे, तीही सरकारी फेरीतून जागा मिळाली तर. जेवणाचं काय? राहायची खोली? बसपास? ते कोणत्या रानातून यायचं?"

ते गप्प बसले. आम्ही म्हटले, तिला बोलवा. ती दारातच होती, चहाचे कप घेऊन. बापाने सगळे सांगितले. तिने कप खाली ठेवले आणि म्हणाली, "दादाला जाऊ दे की पुण्याला. पण अण्णा, विकणार कुठलं? माळाचं की विहिरीकडचं?"

माळाच्या रानाला कोण गिऱ्हाईक मिळणार? हे त्या घरात सगळ्यांनाच ठाऊक होते. मुलगा इतका वेळ मोबाइलात डोके घालून बसला होता, त्याने मान वर केली. आई आतून येऊन चौकटीला टेकली. कोणी काही बोलले नाही, आम्हीही नाही.

दुसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनाला यजमानच दिसेनात. लोक कुजबुजू लागले. दुपारी पंगतीला कळले, बापलेक सकाळच्या एस.टी.ने कराडला गेले होते, कॉलेज आतून बघायला. आणि पोरीलाही बरोबर नेले होते.