नव्या घरातला पहिला पाऊस



उपचार संपले, झोप लागते, कामावर जातेस, आणि तरी लिहितेस, "बाई, मन शांत आहे, याचीच भीती वाटते."

या भीतीवरून माळीण आठवलं. आपल्या आंबेगावातलं हे गाव तुला माहीत आहे. ३० जुलै २०१४च्या सकाळी डोंगर खाली आला, १५१ माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे; गाडी घेऊन आला तर समोर गावच नव्हतं. वाचलेल्यांना आमडे इथे पक्की घरं मिळाली, २०१७ साली. त्याच वर्षीच्या पहिल्या मोठ्या पावसात नव्या वसाहतीतले रस्ते खचले, भराव वाहिले, माणसं पुन्हा धास्तावली. त्यांना कुणी 'आता विसरा' म्हटलं की मला राग येतो. जमीन खरोखरच खचत होती! म्हणून आधी सांग, तू राहतेस तिथे तुला छळणारं कुणी येत-जात नाही ना? येत असेल तर मन शांत करत बसू नकोस, आधी दार बंद कर.

तसं काही नसेल तर पुढचं ऐक. लहानपणीच्या त्या घरात आवाज चढला की तू निघून जायचीस. अंग तिथेच, आणि तू आढ्यावरून बघत असल्यासारखी. डॉक्टर याला डिसोसिएशन म्हणतात. फ्रान्सच्या पिएर जाने यांनी १८८९ मध्येच त्यावर ग्रंथ लिहिला होता. लेकराला पळता येत नाही, उलटून बोलता येत नाही, तेव्हा मनच त्याला तिथून दूर नेतं. त्या मुलीला वेडी म्हणू नकोस. तिनं तुला जगवलं.

ही शांतता म्हणजे तोच बधिरपणा तर नाही, अशी तुझी शंका. बधिर असताना भाकरीला चव नसते, स्वतःचा हात परका वाटतो, दुपार कुठे गेली ते आठवत नाही. शांत माणसाला सगळं जाणवतं. आवणीच्या चिखलाचा गारवा पोटऱ्यांना कळतो, अंगणात वाळणाऱ्या हिरड्याचा वास येतो, रडूही येतं. रडू आलं म्हणून दुखणं उलटलं असं समजू नकोस. पूर्वी तुला रडताही येत नव्हतं.

पाऊस कोसळताना किंवा कुणाचा आवाज चढल्यावर अंग ताठलं तर पाय जमिनीवर घट्ट टेकव, समोर दिसेल त्याची नावं मोठ्यानं घे. पुन्हा तास न् तास हरवू लागलीस तर डॉक्टरांकडे जा; रात्री-अपरात्री टेलिमानस या मदतवाहिनीच्या १४४१६ वर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

छळणाऱ्याला माफ केल्याशिवाय मन निवत नाही, असं सांगणारे भेटतील. मला ते पटत नाही. माफी द्यायची की नाही, ते तू ठरव. तुझं बरं होणं त्यावर अडलेलं नाही.

भावाच्या लग्नाला त्या घरी जायचं का, असं विचारलंस. नको वाटत असेल तर जाऊ नकोस. आहेर माझ्याकडे दे, मी पोचवते.

तुझ्या बाई